एका कोयंड्याला तीन कुलपं

मागच्या महिन्यात पुण्याहून चार माणसं आली होती. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात रक्तसाठा केंद्र आहे. जागा सरकारची, फ्रिज आणि जनरेटर साखर कारखान्याचा, अडीनडीला ऑपरेशनला धावून येणारे डॉक्टर खासगी, आणि या सगळ्यांची मोट बांधणारी आमची लहानशी संस्था. हे सगळं इतकी वर्षं न भांडता कसं चाललं, ते पाहुण्यांना समजून घ्यायचं होतं.

"न भांडता नाही. भांडतच चाललंय," मी म्हटलं.

त्यातल्या एका मुलीनं लॅपटॉप उघडला. "पण मॅडम, तुमचं मॉडेल काय आहे?"

"जोंधळेबाई."

तिनं ते टाइप केलं आणि वर बघितलं. "हा शॉर्टफॉर्म आहे का?"

बाईंना जाऊन आता दीडेक वर्ष होईल. त्या असत्या तर त्यांनी त्या मुलीला आधी लॅपटॉप मिटायला लावला असता आणि सकाळभर केंद्राच्या दारासमोर स्टुलावर बसवलं असतं. "बघ आधी. इचारायचं मागून." शाळेत विज्ञानही त्या असंच शिकवायच्या. जास्वंदीचं फूल हातात द्यायच्या, तासभर बघायला लावायच्या आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी उघडायच्या.

बाई उंच, काटकुळ्या. सुती साडी आणि हातात काळी छत्री. छत्री बारा महिने असायची, उघडलेली मात्र मी क्वचित पाहिली. तिचं मुख्य काम माणसांकडे रोखणं. वर्गात बोलताना छापील मराठी, शाळेचं फाटक ओलांडलं की 'लय' आणि 'न्हाई'. बसस्टँडमागं भीमनगरात घर. नवरा पोस्टात होता, तो लवकर गेला. मुलगी नांदेडला. निवृत्त झाल्यावर लोक घर बांधतात किंवा तीर्थं करतात. बाईंनी संस्था काढली.

मी मूळची पूर्णेची, रेल्वेवाल्याची मुलगी, लग्न होऊन या गावात आले. संस्थेत कामाला कुणी बाई हवी आहे असं कळलं म्हणून भेटायला गेले. शिक्षण, अनुभव, काहीच विचारलं नाही.

"पूर्णेहून परभणीला सकाळी गाडी हाय?"

"आहे."

"टायमावर येती?"

"कधीच नाही."

"मग तू स्टेशनवर कधी जायचीस?"

"टायमावर."

"उद्यापासून ये, पूर्णेकरीण." शेवटपर्यंत मी पूर्णेकरीणच राहिले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, अशी मला कधीकधी शंका यायची.

रक्ताचंच काम का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची एक विद्यार्थिनी होती, सुमन. बाळंतपणात तिला रक्तस्राव सुरू झाला. इथं रक्त नव्हतं. जीपमध्ये घालून परभणीला न्यायला निघाले, ती वाटेतच गेली. बाई मातीला गेल्या होत्या. "सातवीत होती माझ्या हाताखाली. रक्ताभिसरणाची आकृती लय छान काढायची. पूर्ण मार्क दिले होते मी." एवढं बोलून त्यांनी छत्री उचलली आणि आम्ही कलेक्टर ऑफिसला जायची बस पकडली. त्यानंतर सुमनचं नाव त्यांनी कुठल्या भाषणात, कुठल्या अर्जात घेतलं नाही. मी एकदा सुचवलं होतं की तिची हकिकत प्रस्तावात घालू, वाचणाऱ्याला पाझर फुटेल. तर म्हणाल्या, "पाझर दोन दिवसांत आटतो. त्यान्ला कामाचं सांग."

काम सोपं नव्हतं. परभणीच्या रक्तपेढीतून पिशव्या आणून आपल्या गावात साठवायच्या, एवढीच खरं तर गोष्ट. पण त्यासाठी जी तीन माणसं एका खोलीत बसायला हवी होती, त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या अधीक्षकांना वाटायचं, खासगी डॉक्टर रक्त आपल्या पेशंटसाठी पळवतील. खासगी डॉक्टरांच्या वतीनं बोलायचे डॉ. सोमाणी. त्यांना वाटायचं, सरकारी माणसं सुटीच्या दिवशी फोन उचलणार नाहीत. कारखान्याचा माणूस म्हणजे कल्याण अधिकारी कदम. त्याला वाटायचं, फ्रिज आम्ही द्यायचा आणि फीत दुसऱ्यानं कापायची.

बाईंची बैठक घ्यायची एक रीत होती. बैठकीआधी तासभर जाऊन त्या हात असलेल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढायच्या आणि प्लास्टिकची स्टुलं मांडायच्या. सगळ्यांना स्टूल, स्वतःलाही. पहिल्या बैठकीला अधीक्षकसाहेब स्वतःच्याच केबिनमध्ये आले आणि बघतच राहिले. त्यांची पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली खुर्ची व्हरांड्यात उन्हाला ठेवली होती.

"बाई, माझी खुर्ची?"

"वाळायला ठेवलीय, साहेब. टॉवेल ओला वाटला."

साहेब स्टुलावर बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून नाही म्हणणं सोपं असतं, गुडघ्यावर ठेवून अवघड, असं बाईंचं म्हणणं होतं. ते मला तेव्हा हास्यास्पद वाटलं. पुढं बऱ्याच बैठका बघितल्यावर वाटेनासं झालं.

दुसरा नियम याहून कडक. ठराव झाल्याशिवाय चहा नाही. मराठवाड्यात माणूस दारात आला की आधी पाणी, मग चहा, कामाचं नंतर. बाई पाणी द्यायच्या. चहाची किटली कोपऱ्यात झाकून ठेवायच्या, वास येईल इतपत जवळ. कदम त्यांचा जुना विद्यार्थी, तोच तेवढा बोलायचं धाडस करायचा.

"बाई, निदान अर्धा कप."

"कदम, उभा राहा."

आणि कदम, सुटलेलं पोट, खिशाला दोन पेनं, खरंच उभा राहायचा.

"कारखाना जनरेटर देणार का न्हाई?"

"वर इचारावं लागंल, बाई."

"मग चहा बी वर जाऊनच पी. बस खाली."

जनरेटर मिळाला. चहा मात्र त्या दिवशी इतका कडू झाला होता की तो कुणालाच संपवता आला नाही.

रक्तदाते मिळवायला बाई कारखान्याच्या फाटकावर जायच्या. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर रांगेत तासन्‌तास उभे असतात. रक्तपेढीची गाडी त्यांनी थेट त्या रांगेशेजारी लावली. "नंबर यायला टाइम हाय ना? मग पडा की घडीभर." ट्रॅक्टरवाले हसायचे, लाजायचे, कमजोरी येते म्हणून मागं सरायचे. बाई त्यांना छत्रीनं एकेक करून गाडीकडे वळवायच्या, शेरडं वळवावीत तशा.

एकदा राणीसावरगावकडचा एक बागायतदार आपल्या उसाबरोबर आला होता. मोठा गडी, गळ्यात सोन्याची साखळी. तो म्हणाला, "देतो की रक्त. पण बाई, माझं रक्त कुणाला घालणार तुमी?"

"ज्याला लागंल त्याला."

"तसं न्हाई म्हणायलो मी..."

"मग कसं म्हणायलाव? नीट इचारा. मी बाई हाय, मला प्रश्न इचारल्याला आवडतो."

तो बाईंचं आडनाव जाणून होता, घर कुठं आहे तेही. प्रश्न त्याच्या जिभेवर होता, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला तो विचारता येण्यासारखा नव्हता. भोवतीचे ट्रॅक्टरवाले कान देऊन ऐकत होते.

"बरं, मीच इचारते," बाई म्हणाल्या. "उद्या तुमच्या सुनंला लागलं, तर कुणाचं घेणार? पिशवीवर नुस्ता गट लिवल्याला असतो."

गडी बाही वर करून गाडीत चढला. पुढच्या हंगामात त्यानं स्वतःहून आपल्या दोन्ही पोरांना आणलं. बाईंनी त्याला शाबासकी वगैरे दिली नाही. त्या कुणालाच द्यायच्या नाहीत. मला इतक्या वर्षांत "ठीक हाय" याच्या वर काही मिळालं नाही. आमच्याकडची एक कार्यकर्ती त्यांच्या बोलण्यानं रडून काम सोडून गेली, आणि तिची समजूत काढायला बाई गेल्या नाहीत, मला धाडलं. माणूस म्हणून त्या सोप्या होत्या असं मी म्हणणार नाही.

आता कुलपांचं. फ्रिज आला, खोली रंगवून झाली, अस्लम नावाचा तंत्रज्ञ नेमला. आणि खोलीची चावी कुणाकडे, यावर सगळं अडलं. कुणीच मागं हटेना. शेवटी कदम म्हणाला, "आमच्या गावात देवळाच्या दानपेटीला तीन कुलपं असतात. तीन घरच्या चाव्या. तिघं आल्याबिगर पेटी उघडत न्हाई. तसं करू."

मला वाटलं, बाई त्याला उभं करणार. पण त्या म्हणाल्या, "करा. कुलपं तर कुलपं, पण एका दाराला लागायलीत ना." त्या दिवशी चहा मिळाला.

दाराला एकच जाड कोयंडा, त्यात तीन कुलपं, तीन पक्षांची. सकाळी तिघांची माणसं येऊन उघडायची, संध्याकाळी लावायची, मध्ये लागलं तर फोन करून बोलवायचं. आमच्या संस्थेनं आपली चावी ठेवली नाही. "आपलं कुलूप लागलं की आपण बी त्यांच्यातलेच," असं बाई म्हणाल्या. गंमत म्हणजे हे चाललं. तिघांची माणसं रोज सकाळी दारात भेटायला लागली, बोलायला लागली. वर्षभर सगळं सुरळीत गेलं. दानपेटीला घाईचं काम कधीच नसतं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मग पोळा आला. पोळ्याला आमच्याकडं माणूस गावात राहत नाही. नोकरी कुठंही असो, बैल असलेलं घर जिथं, तिथं माणूस. दवाखान्याची चावी ज्या भांडारपालाकडे होती तो त्याच्या गावी गेला, कदम त्याच्या. सुटीचा दिवस म्हणून केंद्र सकाळी उघडलंच नाही. डॉ. सोमाणींच्या घरी बैल नाहीत, ते तेवढे गावात होते.

दुपारी नदीकाठच्या एका वस्तीवरून एक बाळंतीण आणली. बाळ ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. डॉ. सोमाणी निरोप मिळताच सरकारी दवाखान्यात धावत आले, करारात ठरलं होतं तसे. ते आत तिच्यावर ऑपरेशन करत होते आणि त्यांची चावी बाहेर खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होती. ती चावी आणून अस्लमनं एक कुलूप उघडलं. दोन राहिली.

मी कदमला फोन लावला. "निघालोच, पण वढ्याला पाणी हाय, फिरून यावं लागंल." भांडारपालानं फोन उचलला, पण पलीकडं हलगीचा इतका कडकडाट की त्याला माझं ऐकू येईना आणि मला त्याचं. तो आपला ओरडत होता, "या मॅडम, या, पुरणपोळी हाय!"

व्हरांड्यात त्या पोरीची सासू भिंतीला टेकून बसली होती. तिला वाटत होतं, रक्त संपलंय आणि आम्ही ते सांगत नाही. "दारामागं हाय, मावशी," असं सांगायची मला लाज वाटली.

बाई आल्या त्या चालत, छत्री टेकत. काय झालंय ते दोन वाक्यांत ऐकलं आणि दारासमोर उभ्या राहिल्या. पहारेकरी बागेच्या कडेचा दगड उचलून कुलूप फोडायला गेला आणि थबकला. "बाई, सरकारी कुलूप हाय. उद्या गुन्हा व्हईल."

"माझं नाव सांग. आन् कुलपं नको फोडू, टाइम जाईल. कोयंडा उपट."

त्यानं तरी हात लावला नाही. मग बाईंनीच जनरेटरच्या खोलीतली पहार मागवली, कोयंड्यात घातली, आणि अस्लम आणि मी त्यांच्याबरोबर जोर लावला. दाराची फळी चिरली आणि कोयंडा स्क्रूंसकट बाहेर आला. दोन कुलपं तशीच बंद, त्याला लोंबकळत. अस्लम आत पळाला.

पोरगी जगली. संध्याकाळी डॉक्टर सोमाणी बाहेर येऊन म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." बाईंनी छत्री वर केली आणि ते गप्प झाले. त्या रात्रभर झोपल्या नसणार, कारण सकाळी डोळे सुजलेले होते.

पुढचा पेच निराळाच होता. अधीक्षकसाहेब घाबरले. सरकारी मालमत्तेची मोडतोड, वरून विचारणा होणार, त्यापेक्षा केंद्रच काही दिवस बंद ठेवलेलं बरं, असं त्यांच्या मनात आलं. सरकारात काही दिवस बंद ठेवलेलं परत कधी उघडतं, ते आम्हाला माहीत होतं. बाईंनी तातडीनं बैठक बोलावली.

स्टुलं मांडलेली होती. मधल्या टेबलावर बाईंनी तो उपटलेला कोयंडा ठेवला होता, कुलपांसकट. आणि सगळे बसताच त्यांनी किटलीतून चहा ओतायला सुरुवात केली. कदम घाबरून म्हणाला, "बाई, ठराव?"

"आज ठराव न्हाई. चहाच हाय. प्या."

तिघं प्यायला लागले. कोयंड्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि टेबलावर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कप निम्मे झाल्यावर बाई म्हणाल्या, "कदमनं सुचवलं, पण हो मी म्हटलं. तुमचा एकमेकांवर इस्वास न्हाई, तर त्याला कुलूप घालून ठेवू, असा मी इचार केला. चूक माझी. ती पोरगी मेली असती तर मीच मारली असती तिला."

"तसं नाही, बाई," डॉ. सोमाणी म्हणाले. "चावी माझ्या खिशात होती. मी आत होतो आणि मला बाहेर येऊन दार उघडता येत नव्हतं. मला माझं कुलूप नको."

कदम पटकन म्हणाला, "आमचं बी नको."

मग सगळे अधीक्षकांकडं बघू लागले. ते बराच वेळ कप फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "केंद्र चालू ठेवू. कोयंडा कुजला होता, पडला, असं मी लिहितो. वाद मिटेल."

"तसं लिवू नका," बाई म्हणाल्या. "जोंधळेनं उपटला असं लिवा. न्हाईतर उद्या दुसरं कुणी परत नवा कोयंडा बसवंल. कामून उपटला ते कागदावर पायजे."

साहेबांनी तसं लिहिलं. बाईंना खुलासा मागणारं पत्र आलं, त्यांनी दोन ओळींचं उत्तर दिलं, आणि तो कागद सरकारी कागद जिथं जातात तिथं गेला. दाराला नुसती कडी बसली. अस्लमच्या जोडीला पाळीनं आणखी माणसं आली, म्हणजे दार बंद करायची वेळच येऊ नये. फ्रिजला कुलूप असतं, पण त्याची चावी दाराशेजारी खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी. चाव्यांवरून नंतर भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

काही वर्षांनी बाईंनी संस्था सोडली. सगळ्यांनी गळ घातली. मी पण घातली, थोडी रागावूनच. त्या म्हणाल्या, "माझ्या छत्रीला भिऊन चालायलंय ते. असं चालणं काय कामाचं? मी गेल्यावर चाललं तर खरं." त्यांनी आपला फोटो लावू दिला नाही. वर्धापनदिनाला आल्या नाहीत. दवाखान्यात पाऊल टाकणंच बंद केलं. मला सक्त ताकीद होती, तक्रारी घेऊन घरी यायचं नाही. गेलेच तर त्या शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढायच्या आणि पूर्णेच्या गाड्यांविषयी विचारायच्या. मधल्या काळात अधीक्षक बदलले, कदम निवृत्त झाला, अस्लम नांदेडला गेला. बाईंच्या वर्गात बसलेलं कुणी उरलं नाही. केंद्र आता कुणाला भिऊन चालायचं, हा प्रश्न माझाही होता. तो मी त्यांच्यापुढं काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

शेवटच्या वर्षी त्यांचं रक्त फार कमी झालं. तपासून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, दोन पिशव्या चढवा म्हणून. मी चिठ्ठी घ्यायला हात पुढं केला.

"मी नेते. तू मागं उभी राहा. आन् वळख दाखवू नको कुणाला."

त्यांना धड उभं राहवत नव्हतं. तरी त्या छत्री टेकत केंद्रापर्यंत गेल्या. मी जिन्याजवळ थांबले. दारात नवी मुलगी होती, नुकतीच लागलेली. तिनं चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना घेतला.

"बसा आजी, स्टूल घ्या. टेस्ट करून लगेच देते."

"माझ्यासंगं कुणी न्हाई. रक्त द्यायला बी कुणी आणलं न्हाई."

"नाही लागत, आजी."

"कुणाची वळख सांगावी लागती का?"

"ओळख कशाला?" मुलगी तिच्या कामात होती. "तुम्हाला लागतंय ना?"

बाईंनी मान वळवून खिळ्याकडं बघितलं. चावी जागेवर होती. मग छत्री मांडीवर आडवी घेऊन त्या स्टुलावर ताठ बसल्या. मी त्यांना असं बसलेलं शेकडो बैठकांत पाहिलं होतं, पण तेव्हा त्या कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असायच्या.

"नाव सांगा, आजी."

"जोंधळे."

"पूर्ण सांगा ना."

बाईंनी पूर्ण नाव सांगितलं. मुलीनं ते लिहून घेतलं आणि मागच्या माणसाला म्हणाली, "हां, तुमचं काय?"